टेकडीवरची चार गावे

फ्लॉरेन्स आणि रोम या दोन शहरांच्या मधल्या मुलखातून मोटारीने जाऊ लागले की एक गोष्ट पहिल्या तासाभरातच ध्यानात येते. खाली शेते असतात, द्राक्षमळे असतात, सायप्रसच्या झाडांची रांग लावलेली एखादी पांढरी वाट असते, पण गाव नसते. गाव पाहायचे तर मान वर करावी लागते. टेकडीच्या डोक्यावर मुंडासे बांधावे तसे ते बसलेले असते. आपल्याकडे पायथ्याशी गाव आणि माथ्यावर किल्ला ही वाटणी डोळ्यांत इतकी मुरलेली असते की, चर्च, बाजार, विहीर, शाळा, न्हावी आणि खाटीक यांच्यासकट सबंध गावच माथ्यावर, ही गोष्ट चटकन पचनी पडत नाही.

कारणे पुस्तकांत दिलेली आहेत. वर राहिले की शत्रू लांबून दिसतो, हे एक. दुसरे कारण मला अधिक पटले. इथल्या कित्येक खोऱ्यांत दलदल होती आणि दलदलीत हिवताप होता. मलेरिया हा शब्दच मुळी इटालियन. 'वाईट हवा' हा त्याचा अर्थ. डास दोषी आहे हे कळायला एकोणिसावे शतक सरत यावे लागले, पण खाली राहिलेली माणसे मरतात आणि वर राहिलेली जगतात, एवढे कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

मार्चअखेरचे चार दिवस आम्ही या गावांसाठी काढले होते. आम्ही म्हणजे आई, माझा धाकटा भाऊ आणि मी. भाऊ जर्मनीत असतो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, कोकणातल्या घरी एकटी राहते. गेल्या पावसात मागच्या पडवीचा कोना गळू लागला तेव्हापासून भावाचे म्हणणे असे, की आता घर बंद करावे, तिने सहा महिने माझ्याकडे आणि सहा महिने त्याच्याकडे राहावे. 'प्रवासात निवांत बोलू,' असे त्याने मला फोनवर सांगितले होते. तो विषय डिकीतल्या बॅगेसारखा चारही दिवस आमच्या बरोबर होता. माझ्या हातात माहितीचे पुस्तक होते आणि आईच्या हातात काठी. आम्ही दोघींनी पाहिलेली गावे एकच होती, असे मला खात्रीने म्हणवत नाही.

पहिले गाव सान जिमिन्यानो. गाडी तटाबाहेरच ठेवावी लागते. ही या सगळ्याच गावांची रीत. वेशीवर लाल वर्तुळाची पाटी असते. ती ओलांडली की कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी यथावकाश घरपोच येते. आईला ही व्यवस्था फार आवडली. "पूर्वी नाक्यावर जकात घ्यायचे, तसंच झालं हे," ती म्हणाली.

या गावाचे नाव झाले ते मनोऱ्यांमुळे. उत्तर युरोपातून रोमला जाणारा यात्रेकरूंचा जुना मार्ग, व्हिया फ्रान्चिजेना, इथून जात असे. कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक सुमारे ९९० साली रोमहून परतला, तेव्हाच्या त्याच्या मुक्कामांच्या यादीत हे गाव आहे. वाटसरू आले, त्यांच्या मागोमाग व्यापार आला, इथले केशर दूरदूरच्या बाजारांत जाऊ लागले. पैसा झाल्यावर माणसे जे करतात तेच इथल्या घराण्यांनी केले. शेजाऱ्यापेक्षा उंच बांधले. परंपरेने ७२ मनोऱ्यांचा आकडा सांगतात. आज १४ उभे आहेत. आत जागा जेमतेम, खिडक्या नावाला. आर्दिन्गेल्ली आणि साल्वुच्ची या दोन घराण्यांचे हाडवैर होते. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधावरून खटले चालतात, इथे ती आभाळाच्या दिशेने चालली. शेवटी १२५५ मध्ये कायदा करावा लागला, की नगरसत्तेच्या मनोऱ्याहून उंच कोणी बांधू नये. पुढे १३११ मध्ये नगरसत्तेनेच ५४ मीटरांचा नवा मनोरा पुरा केला. सरकारने स्वतःला कायद्यातून वगळण्याची पद्धत तशी जुनीच म्हणायची.

मग १३४८ सालची प्लेगची साथ आली. निम्म्याहून अधिक गाव गेले. पाच वर्षांनी उरलेल्यांनी फ्लॉरेन्सपुढे मान तुकवली. व्यापाराची वाट खालच्या खोऱ्यातून जाऊ लागली आणि गाव बाजूला पडले. गंमत अशी, की फ्लॉरेन्समध्येही असे मनोरे पुष्कळ होते. तिथे ते छाटले गेले, पाडले गेले, त्यांच्या जागी नव्या थाटाचे वाडे उठले, कारण फ्लॉरेन्सजवळ पैसा होता. इथे जे टिकले ते कोणी हौसेने जपले म्हणून टिकले नाही. पाडून नवे बांधायची ऐपत उरली नाही, म्हणून टिकले. आज जगभरची माणसे ज्या रेखाकृतीपुढे उभी राहून छायाचित्रे घेतात, ती एका गावाच्या दारिद्र्याची रेखाकृती आहे. हे एकदा कळल्यावर मला त्या मनोऱ्यांकडे नुसते 'वा!' म्हणून पाहता येईना.

आई मनोऱ्यांकडे फारशी पाहतच नव्हती. गावाच्या मध्यावर विहिरीचा चौक आहे. विहीर १२७३ सालची, पुढे १३४६ मध्ये वाढवलेली. अष्टकोनी कठडा, वर दोन खांबांवर आडवा दगड. कठड्याच्या कडेवर दोरांनी पाडलेले खोल वळ आहेत. आईने त्यातल्या एका वळात बोट घातले. सबंध बोट आत बसले. "इथे पहिल्यांदा कप्पी नसणार," ती म्हणाली. "हातानेच ओढत असतील. कप्पीवरचा दोर दगडाला असा घासत नाही." माझ्या पुस्तकात विहिरीचे साल होते, बाकी काही नव्हते. लग्न होऊन आल्यावर पंधरा वर्षे तिने पाणी शेंदलेले आहे.

चौकाच्या चारी बाजूंना दुकाने. केशर, चामड्याच्या पिशव्या, रंगीत मातीची भांडी, आइस्क्रीम, आणि का कोण जाणे, मध्ययुगीन छळाच्या साधनांचे एक संग्रहालयसुद्धा. संध्याकाळी प्रवाशांच्या बसगाड्या गेल्या तसे गाव एकदम रिकामे झाले. आमचा मुक्काम समोरच्या टेकडीवर एका शेतघरात होता. रात्री मनोऱ्यांवर प्रकाशझोत सोडले, तेव्हा ते सोन्यासारखे दिसू लागले. आम्ही दोघे भावंडे बघत राहिलो. आईने शाल गुंडाळून घेतली आणि विचारले, "पण घरांतून दिवे कुठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी व्होल्तेर्रा. अंतर तीसेक किलोमीटरच, पण मुलूख बदलतो. द्राक्षमळे मागे पडतात, उघड्या बोडक्या मातीच्या टेकड्या सुरू होतात आणि ५३१ मीटर उंचीवरचे ते करडे गाव एखाद्या रागावलेल्या म्हाताऱ्यासारखे दुरूनच आपल्याकडे पाहू लागते. वारा असा की बोलणे तोंडातच राहते. हे गाव मला चारांत सर्वांत आवडले. ते नटलेले नाही. गल्लीत संगजिऱ्यासारख्या मऊ पांढऱ्या दगडाचे, अलाबास्टरचे, काम करणारे कारागीर आहेत. कारखान्याच्या दारातून पिठासारखी धूळ बाहेर येते आणि आत माणूसही पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखाच दिसतो. शाळा सुटली होती, पोरे आरडाओरडा करीत उतारावरून धावत होती. दुपारी खाणावळीत शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे चक्क भांडत होते. बरे वाटले.

रोमनांच्या आधी या प्रदेशात एत्रुस्कन लोक होते आणि व्होल्तेर्रा त्यांच्या मोठ्या नगरांपैकी एक. इथले एत्रुस्कन मृतांचे दहन करीत आणि अस्थी दगडाच्या वा भाजक्या मातीच्या लहान पेट्यांत ठेवीत. मारिओ ग्वार्नाच्ची या विद्वानाने आपला संग्रह १७६१ मध्ये गावाला दिला. त्याच्या नावाच्या संग्रहालयात अशा सहाशेहून अधिक पेट्या ओळीने मांडल्या आहेत. प्रत्येक पेटीच्या झाकणावर त्या व्यक्तीची मूर्ती, मेजवानीला बसल्यासारखी एका कोपरावर रेललेली. डोके मोठे, धड आखूड. दफनाच्या देशात शतकानुशतके मागे जाऊन अचानक अस्थींच्या पेट्या भेटाव्यात, हे मला नवल वाटले. आईला त्यात नवल काहीच वाटले नाही. ती त्या ओळींमधून सावकाश, नातेवाइकांच्या घरी फिरावे तशी फिरली.

एका पेटीच्या झाकणावर नवरा-बायको आहेत. दोघेही वृद्ध, सुरकुतलेले. शिल्पकाराने काडीचीही खुशामत केलेली नाही. बायको मान वळवून नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहते आहे, आणि तो समोर कुठेतरी पाहतो आहे. आई तिथे बराच वेळ उभी राहिली. बाबांना जाऊन नऊ वर्षे झाली. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "दोघं काही एका दिवशी गेली नसतील. एक आधी गेलं असणार. मग दुसऱ्याने आपलाही चेहरा त्यावर घडवून घेतला असेल आणि वाट बघितली असेल." भाऊ पुढच्या दालनात गेला होता, त्याने हे ऐकले नाही.

गावाच्या दक्षिणेला एत्रुस्कनांनी बांधलेली वेस आहे, पोर्ता आल्ल आर्को. दोन हजारांहून अधिक वर्षे जुनी. कमानीवर तीन दगडी मुंडकी आहेत. वाऱ्यापावसाने नाकडोळे पार पुसून गेले आहेत, नुसते काळे गोळे उरले आहेत. १९४४ च्या जूनअखेर माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ही वेस सुरुंगाने उडवायचे ठरवले, म्हणजे मागून येणाऱ्या दोस्तांच्या फौजांची वाट अडेल. गावकऱ्यांनी मुदत मागून घेतली. वेस बुजवून टाकली तरी वाट अडेलच ना, असा त्यांचा युक्तिवाद. मग बाया, पोरे, म्हातारे सगळे लागले. वेशीपाशी उतरणाऱ्या रस्त्याची फरसबंदी उपटून काढली आणि तेच दगड रचून सबंध कमान एका दिवसरात्रीत चिणून टाकली. वेस वाचली. तिथे या गोष्टीची पाटी आहे.

भाऊ एरवी इतिहासात रमणारा नव्हे, पण त्या कमानीखाली तो दोनदा खालीवर चालून आला. "म्हणजे वाचवायला बंद करावी लागली," तो म्हणाला. आईने काठीने फरशी ठोकून पाहिली. "परत बसवली मात्र नीट," ती म्हणाली. "एक दगड हलत नाही."

या गावालाही सुख नाहीच. त्याच्या पश्चिमेची टेकडी शतकानुशतके ढासळते आहे. त्या कड्यांनी जुने तट, थडगी, चर्चे गिळलेली आहेत. २०१४ च्या जानेवारीत अतिवृष्टीने मध्ययुगीन तटाचाही एक मोठा तुकडा कोसळला. तो गावाने पुन्हा बांधून काढला. माणसे राहत असली की भिंत पडल्याचे त्याच दिवशी कळते.

सिएना हे खरे तर शहर, गाव नव्हे. त्याच्यावर लिहायचे तर वेगळा लेख हवा. तिन्ही कण्यांवरून उतरत येऊन मधल्या खोलगटात शिंपल्यासारखा पसरलेला विटांचा चौक मी वर्णन करीत बसत नाही. त्याची चित्रे सर्वांनी पाहिली आहेत. नदी नसलेल्या या शहराने पाण्यासाठी जमिनीखाली सुमारे २५ किलोमीटरांचे बोगदे खणले, एवढे मात्र सांगते, कारण आईने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे ते उत्तर होते.

नगरभवनात आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. ज्या खोलीत नऊ जणांचे राज्यमंडळ बसत असे, तिच्या भिंतींवर चांगल्या राज्याचे आणि वाईट राज्याचे परिणाम काढलेले आहेत. सभासदांनी मान वर केली की समोर हिशेब दिसावा. चांगल्या राज्यात वेशीचे दार उघडे आहे. ओझी लादलेली गाढवे आत येत आहेत, कोणी डुक्कर हाकीत आणतो आहे, गवंडी घराच्या माथ्यावर काम करताहेत, शिक्षक वर्ग घेतो आहे, आणि रस्त्यात फेर धरून नाच चालला आहे. वाईट राज्याची भिंत बरीच खराब झाली आहे, पोपडे उडालेले. "ती नाही दुरुस्त केली तरी चालेल," आई म्हणाली. चांगल्या राज्यातल्या गवंड्यांकडे मात्र ती खुर्चीत बसून निरखून पाहत होती. राज्य चांगले चालले आहे हे दाखवायला चित्रकाराने छपरावर माणसे चढवली, हे माझ्या लक्षात आले ते तिच्यामुळे.

त्याच सुमारास, १३३९ मध्ये, सिएनाने आपले कॅथीड्रल वाढवायला घेतले. इतके, की आधीचे सबंध चर्च नव्याची नुसती आडवी बाजू ठरावे. नऊ वर्षांनी प्लेग आला. आन्योलो दी तुरा नावाच्या इथल्या बखरकाराने आपल्या पाच मुलांना स्वतःच्या हातांनी पुरल्याची नोंद करून ठेवली आहे. लोरेन्झेत्तीही बहुधा त्याच साथीत गेला. बांधकाम थांबले ते कायमचे. आज त्या न झालेल्या कॅथीड्रलची एक प्रचंड भिंत उभी आहे. तिच्या कमानींतून आभाळ दिसते आणि आतल्या जागेत मोटारी लावलेल्या असतात. मी त्या भिंतीवर चढून गेले. वरून सगळे शहर दिसते, कौलांचा एकच तांबूस रंग. खाली आई आणि भाऊ एका पायरीवर बसलेले दिसत होते. तो हातवारे करून काही सांगत होता, आणि ती चौकाकडे पाहत होती. विषय निघाला होता, हे मला इतक्या उंचीवरूनही कळले.

मी खाली आले तेव्हा दोघेही गप्प होती. नंतर आईने मला कोंत्रादांबद्दल विचारले. सिएनात असे १७ मोहल्ले आहेत. प्रत्येकाचा झेंडा, प्राणी, चर्च, कारंजे. मूल जन्मले की मोहल्ल्याच्या कारंज्यावर त्याचा वेगळा नामविधी होतो, आणि २ जुलै व १६ ऑगस्टच्या घोड्यांच्या शर्यतींसाठी माणसे वर्षभर एकमेकांशी वैर धरतात. "म्हणजे आपल्या आळ्याच," आई म्हणाली. "पालखीत आधी खांदा कुणाचा, यावरून आपल्याकडेही होतं." मग भावाकडे न पाहता म्हणाली, "माणसं भांडायला तरी हवीत."

चौथ्या दिवशी जुन्या कॅसिया मार्गाने दक्षिणेला उतरलो. ऑर्चा नदीच्या खोऱ्यात गहू गुडघाभर हिरवा होता. उजवीकडे आमियाता पर्वताच्या माथ्यावर अजून बर्फ होते. पुढे बोल्सेनाचे सरोवर लागले, आणि तिथून आत वळल्यावर बान्योरेज्यो. त्याच्या टोकाशी उभे राहिले की समोर दरीत एकटाच सुळका, आणि सुळक्यावर चिव्हिता.

अडीच हजार वर्षांपूर्वी एत्रुस्कनांनी वसवलेले हे गाव. वर ज्वालामुखीच्या राखेचा तांबूस खडक, त्याखाली चिकणमाती. दोन्ही बाजूंचे ओढे माती खातात आणि वरचा खडक कडेकडेने तुटून पडतो. १६९५ च्या भूकंपाने मोठी पडझड झाली. बिशप आणि कारभार शेजारच्या बान्योरेज्योला हलले. संत बोनाव्हेंतूरा इथला. त्याचे घर केव्हाच दरीत गेले. इथल्याच बोनाव्हेंतूरा तेक्की या लेखकाने त्याला मरणारे गाव म्हटले आणि ते नाव चिकटले, इतके की आता ते पाट्यांवर मिरवतात. मरणाराला पाहायला गर्दी होते. २०१३ पासून तिकीट आहे. आम्ही प्रत्येकी ५ युरो दिले.

जायला फक्त पादचारी पूल, सुमारे ३०० मीटरांचा, शेवटी चांगलाच चढ. भाऊ म्हणाला, "आई, तू इथूनच बघ." आईने काठी पुढे टाकली. ती तीनदा थांबली. तिसऱ्या थांब्याला मागून फटफट करीत एक तीनचाकी सामान घेऊन आली आणि आई मोठ्याने म्हणाली, "अगं, ही तर आपे!" आपेच होती. इटालियन भाषेत त्या शब्दाचा अर्थ मधमाशी, हे मी तिला सांगितले. तिचे मूळ इटलीतलेच, आपल्याकडे ती बारामतीला तयार होते. आई दर बुधवारी बाजाराला जाते ती आपेनेच. उरलेला पूल ती एका दमात चढली.

आत सगळे सुबक. दगडी जिने, कुंड्या, मांजरे, चौकात सान दोनातोचे चर्च, खडकात कोरलेल्या गुहेत तेलाचा जुना घाणा. बारमाही राहणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. आई दारे पाहत चालली होती. "हे पाहुण्यांचं," ती म्हणे. "कुलूप नवं आहे, आणि उंबरठा झिजलेला असूनही पायपुसणं कोरं आहे." सहा दारांनंतर एका दारापाशी ओला पोछा वाळत होता आणि आतून कांदा परतल्याचा वास येत होता. तिथे ती थांबली, पण काही बोलली नाही. आतून एक बाई डोकावली. दोघींनी एकमेकींना मान डोलावली.

अंधार पडता पडता आम्ही परत अलीकडच्या टोकाशी आलो. चिव्हितात दिवे लागू लागले. आईने कठड्याला टेकून मोजायला सुरुवात केली. अकरा झाले.

"त्यातले चार तर रस्त्यावरचे आहेत," भाऊ म्हणाला. "आणि ते खालचे दोन खाणावळीचे. बाकीच्यांत पाहुण्यांच्या खोल्या."

"मग घराचे किती?"

त्याला सांगता येईना. त्याने पुन्हा मोजले, मीही मोजले. आमचे आकडे जुळले नाहीत. वारा थंड झाला होता. भावाने आपला कोट काढून तिच्या खांद्यावर घातला आणि जरा वेळाने म्हणाला, "आई, मागच्या पडवीवर मे महिन्यात पत्रा घालून घेऊ. मी येतो."

"पत्रा नको," आई म्हणाली. "पावसात बोललेलं ऐकू येत नाही. कौलंच घाल. आणि त्याआधी वासे बघ, दोन वाशांना वाळवी आहे."